माजी सैनिकांचे निवृत्तिवेतन आणि आरोग्यसेवा : नियम, निर्णायक तारखा आणि हक्क

देशात संरक्षण निवृत्तिवेतनधारकांची संख्या तीस लाखांहून अधिक आहे. सेनादले तरुण राहावीत म्हणून बहुसंख्य जवानांना वयाच्या पस्तिशी-चाळिशीतच गणवेश उतरवावा लागतो. नागरी सेवेतील कर्मचारी साठाव्या वर्षापर्यंत पूर्ण वेतन घेतो. सैनिकाचा संसार मात्र ऐन उमेदीच्या काळात निवृत्तिवेतनावर येतो. मुलांचे शिक्षण, आईवडिलांचे आजारपण आणि घराचे कर्ज यांचा भार याच वर्षांत असतो. त्यामुळे निवृत्तिवेतन, अपंगत्व भत्ता आणि वैद्यकीय उपचार यांविषयीचे शासननिर्णय या कुटुंबांच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचे ठरतात.

हे नियम एका कायद्यात एकत्र मिळत नाहीत. निवृत्तिवेतन विनियम, संरक्षण मंत्रालयाची पत्रे, वेतन आयोगांच्या शिफारशींवरील आदेश आणि न्यायालयीन निर्णय यांतून ते घडत गेले आहेत. प्रत्येक आदेशाला स्वतःची अंमलबजावणीची तारीख असते. त्यामुळे एकाच पलटणीत, एकाच हुद्द्यावर, तेवढीच वर्षे सेवा केलेल्या दोघांचे हक्क केवळ निवृत्तीच्या दिनांकामुळे वेगळे ठरू शकतात. पुढील माहिती वाचताना ही बाब ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

माजी सैनिक कोणाला म्हणतात?

सैन्यात काही काळ नोकरी केली एवढ्यावरून कोणी 'माजी सैनिक' ठरत नाही. केंद्रीय नागरी सेवांमधील पुनर्नियुक्तीविषयीच्या १९७९ च्या नियमांत या संज्ञेची व्याख्या असून तिच्यात वेळोवेळी दुरुस्त्या झाल्या आहेत. सर्वसाधारणपणे निवृत्तिवेतनास पात्र होऊन सेवामुक्त झालेले, लष्करी सेवेमुळे उद्भवलेल्या वैद्यकीय कारणास्तव बाहेर पडावे लागलेले आणि ठरावीक मुदतीची सेवा पूर्ण करून उपदानासह मुक्त झालेले सैनिक या व्याख्येत येतात. गैरवर्तन किंवा अकार्यक्षमता यांमुळे बडतर्फ झालेल्यांना हा दर्जा मिळत नाही.

माजी सैनिक असणे आणि निवृत्तिवेतनधारक असणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. निवृत्तिवेतनासाठी जवान, नाईक, हवालदार आणि कनिष्ठ आयुक्त अधिकारी यांना किमान १५ वर्षांची, तर अधिकाऱ्यांना किमान २० वर्षांची सेवा आवश्यक असते. अल्पमुदतीच्या आयोगावर असलेला अधिकारी ही मर्यादा गाठत नाही, म्हणून त्याला मासिक निवृत्तिवेतन मिळत नाही. बहुतेक सवलतींना निवृत्तिवेतनाची अट जोडलेली असल्याने या फरकाचे परिणाम दूरगामी असतात.

निवृत्तिवेतनाची मूळ चौकट

सध्याच्या नियमांनुसार सेवा निवृत्तिवेतन अखेरच्या वेतनाच्या, किंवा शेवटच्या दहा महिन्यांच्या सरासरी वेतनाच्या, ५० टक्के असते. यांपैकी लाभदायक असेल ती रक्कम धरली जाते. सातव्या वेतन आयोगाच्या शिफारशींनंतर १ जानेवारी २०१६ पासून किमान निवृत्तिवेतन दरमहा ९,००० रुपये ठरले. त्यावर महागाई सवलत स्वतंत्रपणे मिळते.

सैनिकाला निवृत्तिवेतनाच्या ५० टक्क्यांपर्यंतचा भाग एकरकमी स्वरूपात घेता येतो. नागरी कर्मचाऱ्यांसाठी ही मर्यादा ४० टक्के आहे. विकलेला भाग १५ वर्षांनी पूर्ववत सुरू होतो. तो आपोआप सुरू झाला की नाही, हे त्या महिन्यात तपासून पाहणे हिताचे असते.

वयाची ८० वर्षे पूर्ण झाली की मूळ निवृत्तिवेतनात २० टक्क्यांची वाढ होते. ८५ व्या वर्षी ही वाढ ३० टक्के, ९० व्या वर्षी ४० टक्के, ९५ व्या वर्षी ५० टक्के आणि शंभराव्या वर्षी १०० टक्के होते. कुटुंब निवृत्तिवेतनधारकांनाही हा लाभ आहे. मात्र खेड्यापाड्यांतील अनेक वृद्ध विधवांची जन्मतारीख लष्करी अभिलेखात नोंदलेलीच नसते. अशा वेळी वयाचा पुरावा सादर करून ती नोंद करून घेतल्याशिवाय वाढीव रक्कम सुरू होत नाही.

समान पद, समान निवृत्तिवेतन

प्रत्येक वेतन आयोगानंतर नव्याने निवृत्त होणाऱ्यांचे निवृत्तिवेतन वाढत गेले आणि पूर्वी निवृत्त झालेले मागे राहिले. १९९५ मध्ये निवृत्त झालेल्या हवालदाराला २०१० च्या सुमारास निवृत्त झालेल्या शिपायापेक्षा कमी रक्कम मिळावी, अशी विसंगती त्यातून निर्माण होऊ शकत होती. 'वन रँक वन पेन्शन' या नावाने परिचित असलेली मागणी या विसंगतीतून पुढे आली. राज्यसभेच्या याचिका समितीने भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखाली २०११ मध्ये या मागणीच्या बाजूने अहवाल दिला. फेब्रुवारी २०१४ च्या हंगामी अर्थसंकल्पात तिच्यासाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद झाली. जून २०१५ पासून दिल्लीत जंतरमंतर येथे माजी सैनिकांनी आंदोलन केले. ५ सप्टेंबर २०१५ रोजी तत्कालीन संरक्षणमंत्री आणि गोव्याचे माजी मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांनी योजनेची घोषणा केली आणि ७ नोव्हेंबर २०१५ रोजी आदेश निघाला.

योजनेची अंमलबजावणी १ जुलै २०१४ पासून धरण्यात आली. २०१३ या वर्षात निवृत्त झालेल्यांना समान हुद्दा आणि समान सेवाकाळासाठी मिळालेल्या किमान व कमाल निवृत्तिवेतनाची सरासरी काढण्यात आली आणि त्याआधी निवृत्त झालेल्यांना त्या सरासरीपर्यंत आणण्यात आले. सरासरीपेक्षा अधिक रक्कम ज्यांना आधीच मिळत होती, त्यांची रक्कम कायम ठेवण्यात आली. १ जुलै २०१४ नंतर स्वतःच्या विनंतीवरून मुदतपूर्व निवृत्ती घेणाऱ्यांना मात्र योजनेबाहेर ठेवण्यात आले.

वादाचा मुख्य मुद्दा फेरनिश्चितीच्या कालावधीचा होता. निवृत्तिवेतनातील तफावत दरवर्षी दूर व्हावी, अशी संघटनांची मागणी होती. सरकारने पाच वर्षांचा कालावधी ठेवला. न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील सर्वोच्च न्यायालयाच्या खंडपीठाने १६ मार्च २०२२ रोजी सरकारची पद्धत वैध ठरवली. मात्र योजनेतच नमूद असलेली पाच वर्षांनंतरची फेरनिश्चिती १ जुलै २०१९ पासून करावी आणि थकबाकी द्यावी, असा आदेशही दिला.

केंद्रीय मंत्रिमंडळाने २३ डिसेंबर २०२२ रोजी ही फेरनिश्चिती मंजूर केली. तिचा लाभ २५.१३ लाख निवृत्तिवेतनधारकांना होईल, असे त्या वेळी सांगण्यात आले. थकबाकी हप्त्यांनी द्यावी की एकरकमी, हा प्रश्न पुन्हा न्यायालयात गेला. २० मार्च २०२३ रोजी न्यायालयाने वेळापत्रक आखून दिले : कुटुंब निवृत्तिवेतनधारक आणि शौर्यपदकप्राप्त सैनिकांना ३० एप्रिल २०२३ पर्यंत, सत्तरी ओलांडलेल्यांना ३० जून २०२३ पर्यंत आणि उर्वरितांना तीन समान हप्त्यांत २८ फेब्रुवारी २०२४ पर्यंत. हे प्रकरण प्रलंबित असताना अनेक वृद्ध निवृत्तिवेतनधारकांचे निधन झाले होते, या वस्तुस्थितीची पार्श्वभूमी या आदेशाला होती. अशा सैनिकांच्या वारसांना थकबाकीवर हक्क सांगता येतो. पुढची फेरनिश्चिती १ जुलै २०१४ नंतर दहा वर्षांनी, म्हणजे १ जुलै २०२४ पासून लागू झाली.

अपंगत्व निवृत्तिवेतन : प्रश्न कार्यकारणाचा

युद्धात किंवा चकमकीत जखमी झालेल्या सैनिकाचा हक्क तुलनेने स्पष्ट असतो. वाद बहुधा आजारांविषयी होतात. उच्च रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, मानसिक विकार किंवा पाठीच्या कण्याचे दुखणे सेवेमुळे उद्भवले किंवा सेवेमुळे बळावले, हे वैद्यकीय मंडळाने मान्य केले तरच अपंगत्व निवृत्तिवेतन मिळते. अपंगत्वाचे प्रमाण किमान २० टक्के असावे, ही दुसरी अट आहे.

धरमवीर सिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये महत्त्वाचे तत्त्व मांडले. भरतीच्या वेळी वैद्यकीय तपासणीत सैनिक निरोगी ठरला असेल आणि आजाराची कोणतीही नोंद झाली नसेल, तर पुढे उद्भवलेला आजार सेवेमुळे झाला असे गृहीत धरावे. तो तसा नाही हे दाखवण्याची जबाबदारी सैनिकावर नसून शासनावर आहे आणि वैद्यकीय मंडळाने आपल्या मताची कारणे द्यायला हवीत. त्यानंतर अनेक दावे याच निकालाच्या आधारे मान्य झाले.

दुसरा महत्त्वाचा निकाल डिसेंबर २०१४ मधील राम अवतार प्रकरणाचा आहे. अपंगत्वाची टक्केवारी वरच्या टप्प्यात धरण्याची सवलत १ जानेवारी १९९६ पासून लागू झाली होती. ५० टक्क्यांपेक्षा कमी अपंगत्व ५० टक्के, ५० ते ७५ टक्क्यांमधील ७५ टक्के आणि त्यापुढील १०० टक्के धरावे, अशी ही पद्धत होती. आधी ती केवळ आजारपणामुळे सेवेबाहेर काढलेल्यांना मिळत असे. सेवाकाळ पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही ती मिळाली पाहिजे, हे न्यायालयाने या निकालात मान्य केले.

या सवलतीने पडणारा फरक एका उदाहरणाने स्पष्ट होईल. पूर्ण अपंगत्वासाठी वेतनाच्या ३० टक्के रक्कम मिळते. अखेरचे वेतन ४०,००० रुपये धरले तर ही रक्कम १२,००० रुपये होते. २० टक्के अपंगत्वाला त्यातील २,४०० रुपये मिळतील. तेच अपंगत्व ५० टक्क्यांच्या टप्प्यात धरले तर दरमहा ६,००० रुपये मिळतील.

२१ सप्टेंबर २०२३ पासून या विषयावरील नवे पात्रता नियम लागू झाले. आजारपणामुळे सेवेबाहेर पडलेला सैनिक आणि आजार असूनही सेवा पूर्ण करणारा सैनिक यांच्यात या नियमांनी भेद केला असून दुसऱ्या गटासाठी 'इम्पेअरमेंट रिलीफ' ही स्वतंत्र संज्ञा आणली आहे. अपंगत्वाच्या सवलतीचा गैरवापर रोखणे हा बदलामागील हेतू असल्याचे शासनाचे म्हणणे आहे. प्रामाणिक दाव्यांनाही त्यामुळे अडथळा येईल, अशी माजी सैनिकांच्या संघटनांची तक्रार आहे. जुने दावे त्या त्या काळातील नियमांनुसार तपासले जात असल्याने सेवामुक्तीचा दिनांक येथेही निर्णायक ठरतो.

वीरपत्नी आणि कुटुंबीयांचे हक्क

सैनिकाच्या मृत्यूनंतर मिळणाऱ्या कुटुंब निवृत्तिवेतनाचे तीन प्रकार आहेत. सेवेशी संबंध नसलेल्या कारणाने मृत्यू झाल्यास साधारण कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. त्याचा नेहमीचा दर वेतनाच्या ३० टक्के असतो. मृत्यूचा सेवेशी संबंध असल्यास विशेष कुटुंब निवृत्तिवेतन वेतनाच्या ६० टक्के असते. युद्ध, चकमक किंवा तत्सम कारवाईत वीरमरण आल्यास उदारीकृत कुटुंब निवृत्तिवेतन अखेरच्या वेतनाइतके असते.

साधारण कुटुंब निवृत्तिवेतन सुरुवातीच्या काळात वाढीव, म्हणजे ५० टक्के दराने दिले जाते. पूर्वी त्यासाठी सलग सात वर्षांच्या सेवेची अट होती. कोवळ्या वयात वैधव्य आलेल्या अनेक स्त्रिया त्यामुळे या लाभापासून वंचित राहत. १ ऑक्टोबर २०१९ पासून ही अट काढून टाकण्यात आली.

अविवाहित, विधवा आणि घटस्फोटित मुलींनाही उत्पन्नाच्या अटीवर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते. मात्र कुटुंबातील विवाह, जन्म आणि घटस्फोट यांची नोंद सैनिकाच्या सेवाकाळातील 'पार्ट टू ऑर्डर'मध्ये झालेली असणे आवश्यक असते. पत्नीचे माहेरचे नाव एका कागदावर आणि सासरचे दुसऱ्या कागदावर, एवढ्याशा तफावतीमुळेही दावे महिनोन्महिने अडकून पडतात. दुरुस्तीची प्रक्रिया सैनिक हयात असतानाच पूर्ण करणे केव्हाही सोपे जाते.

अंशदायी आरोग्य योजना

मार्च २००३ पर्यंत निवृत्त सैनिकाला लष्करी रुग्णालयांत जागा उपलब्ध असेल तरच उपचार मिळत. छावणीपासून दूर राहणाऱ्यांना त्याचा फारसा उपयोग नव्हता. ३० डिसेंबर २००२ च्या शासकीय पत्रानुसार माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना मंजूर झाली आणि १ एप्रिल २००३ पासून अमलात आली. 'ईसीएचएस' या आद्याक्षरांनी ती ओळखली जाते. आरंभी २२७ पॉलिक्लिनिकांना मंजुरी होती. २०१० मध्ये आणखी १९९ मंजूर झाली. महाराष्ट्रात पुणे, मुंबई आणि नागपूर येथे योजनेची क्षेत्रीय केंद्रे आहेत. भारतीय सैन्यातून निवृत्त झालेल्या नेपाळी गुरखा सैनिकांसाठी काठमांडू, पोखरा आणि धरान येथेही पॉलिक्लिनिके आहेत.

१ एप्रिल २००३ किंवा त्यानंतर निवृत्तिवेतनासह सेवामुक्त होणाऱ्यांना सदस्यत्व अनिवार्य आहे. त्याआधी निवृत्त झालेल्यांसाठी ते ऐच्छिक आहे. सदस्यत्वाची वर्गणी एकदाच भरावयाची असते. २९ डिसेंबर २०१७ पासूनच्या दरांनुसार हवालदारापर्यंतच्या हुद्द्यांसाठी ती ३०,००० रुपये, नायब सुभेदार ते सुभेदार मेजर या हुद्द्यांसाठी ६७,००० रुपये आणि अधिकाऱ्यांसाठी १,२०,००० रुपये अशी आहे. १ जानेवारी १९९६ पूर्वी निवृत्त झालेले सैनिक आणि युद्धविधवा यांना वर्गणीतून सूट आहे.

ही योजना आरोग्य विम्याहून मूलतः वेगळी आहे. तिच्यात उपचारांच्या खर्चाला कमाल मर्यादा नाही, वयाचे बंधन नाही आणि आधीपासून असलेल्या आजारांना वगळलेले नाही. कर्करोगाचे किंवा मूत्रपिंडाच्या विकारांचे दीर्घकालीन उपचार घेणाऱ्या कुटुंबांना या एका तरतुदीचा मोठा आधार असतो.

लाभार्थींमध्ये सैनिक आणि पती किंवा पत्नी यांच्यासह २५ वर्षांपर्यंतचे अविवाहित व न कमावते मुलगे, अवलंबून असलेल्या अविवाहित, विधवा किंवा घटस्फोटित मुली आणि अवलंबून असलेले आईवडील यांचा समावेश होतो. कायमचे अपंगत्व असलेल्या मुलांना वयाची अट नाही. अवलंबितांचे मासिक उत्पन्न ९,००० रुपये अधिक त्यावरील महागाई सवलत यापेक्षा कमी असावे लागते.

अल्पमुदतीच्या आयोगावरील अधिकारी, आणीबाणीच्या काळात आयोग मिळालेले अधिकारी, दुसऱ्या महायुद्धातील सैनिक आणि मुदतपूर्व निवृत्त झालेले काही गट दीर्घकाळ या योजनेबाहेर होते, कारण त्यांना निवृत्तिवेतन नव्हते. मार्च २०१९ मध्ये शासनाने त्यांच्यासाठीही विशिष्ट अटींवर योजनेचे दार उघडले. योजनेचे सदस्य नसलेल्या पात्र निवृत्तिवेतनधारकांना दरमहा १,००० रुपये निश्चित वैद्यकीय भत्ता मिळतो; सदस्यत्व घेतल्यास हा भत्ता बंद होतो.

उपचारांची पद्धत आणि आणीबाणीचा नियम

सामान्य परिस्थितीत रुग्णाने प्रथम आपल्या पॉलिक्लिनिकमध्ये जावयाचे असते. तेथील डॉक्टर आवश्यकतेनुसार लष्करी रुग्णालयात किंवा योजनेशी संलग्न असलेल्या खासगी रुग्णालयात पाठवणारे रेफरल पत्र देतात. संलग्न रुग्णालयाने रुग्णाकडून पैसे न घेता उपचार करावयाचे असतात आणि देयक योजनेकडे पाठवावयाचे असते. एप्रिल २०१२ पासून देयकांची छाननी संगणकीय पद्धतीने सुरू झाली.

आणीबाणीत मात्र रेफरलची अट नाही. हृदयविकाराचा झटका, अपघात, पक्षाघात अशा प्रसंगी रुग्णाला जवळच्या कोणत्याही रुग्णालयात नेता येते. रुग्णालय संलग्न नसेल तर ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवणे आवश्यक असते. अशा रुग्णालयात आधी स्वतः खर्च करावा लागतो आणि नंतर त्याची भरपाई मागावी लागते. ही भरपाई केंद्र सरकारी आरोग्य योजनेच्या दरांनी होते. रुग्णालयाने त्याहून अधिक आकारणी केली असल्यास फरक कुटुंबालाच सोसावा लागतो. ४८ तासांची मुदत पाळली नाही किंवा आणीबाणीचे प्रमाणपत्र जोडले नाही म्हणून दावे नाकारले जाण्याची भीती असते. ही एक गोष्ट घरातील प्रत्येकाला ठाऊक असावी.

योजनेच्या अडचणी सर्वज्ञात आहेत. पॉलिक्लिनिकांतील डॉक्टर आणि कर्मचारी कंत्राटी असल्याने ते वारंवार बदलतात. औषधांचा तुटवडा आणि देयकांच्या प्रक्रियेतील त्रुटी यांकडे नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१५ च्या अहवालात लक्ष वेधले होते. देयके थकली की काही खासगी रुग्णालये नव्या रुग्णांना दाखल करून घेण्यास टाळाटाळ करतात आणि त्याचा फटका आजारी माणसाला बसतो. खासगी रुग्णालयांची दुसरी तक्रार दरांविषयी होती. केंद्र सरकारी आरोग्य योजनेचे दर अनेक वर्षांनंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये मोठ्या प्रमाणावर सुधारण्यात आले.

अंतराचा प्रश्न मात्र दरांनी सुटणारा नाही. सातारा, कोल्हापूर, सांगली, अहिल्यानगर या जिल्ह्यांना सैनिकी परंपरा आहे. साताऱ्यातील अपशिंगे गावाच्या नावालाच 'मिलिटरी' हे बिरुद जोडले गेले आहे. तरीही दुर्गम गावातील वृद्ध सैनिकाला साध्या रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी दिवस मोडून शहर गाठावे लागते. मे २०२१ मध्ये सुरू झालेली 'ई-सेहत' ही दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याची सेवा त्यावर अंशतः उपाय ठरते.

विकलांग सैनिकांच्या पुनर्वसनासाठी महाराष्ट्रात काही जुन्या संस्था आहेत. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र, खडकी येथील अर्धांगवायूग्रस्त सैनिकांचे पुनर्वसन केंद्र आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ मध्ये स्थापन झालेली क्वीन मेरीज तांत्रिक संस्था यांचा लाभ देशभरातील जवान घेतात.

सैनिक मंडळे आणि कल्याण निधी

निवृत्तिवेतन न मिळणाऱ्या गरजू माजी सैनिकांसाठी आणि विधवांसाठी केंद्रीय सैनिक मंडळामार्फत आर्थिक साहाय्य दिले जाते. हा निधी सशस्त्र सेना ध्वजदिन निधीतून येतो. १९४९ पासून दरवर्षी ७ डिसेंबरला ध्वजदिन पाळला जातो. ऑक्टोबर २०२५ मध्ये संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी या साहाय्यात दुपटीने वाढ मंजूर केली. निवृत्तिवेतन नसलेल्या, ६५ वर्षांवरील निराधार माजी सैनिकांना व विधवांना दरमहा ४,००० ऐवजी ८,००० रुपये, दोन मुलांपर्यंत शिक्षणासाठी प्रत्येकी दरमहा १,००० ऐवजी २,००० रुपये आणि दोन मुलींपर्यंत विवाहासाठी ५०,००० ऐवजी १,००,००० रुपये असे नवे दर आहेत. १ नोव्हेंबर २०२५ पासून सादर झालेल्या अर्जांना ते लागू आहेत.

या योजनांचे अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांमार्फत करता येतात. महाराष्ट्रात ही कार्यालये पुणे येथील सैनिक कल्याण विभागाच्या अखत्यारीत येतात. माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांना मालमत्ता करात सूट देणारी योजना राज्याने २०२० मध्ये आणली.

'स्पर्श' प्रणाली आणि हयातीचा दाखला

पूर्वी निवृत्तिवेतन बँकांमार्फत दिले जात असे. आता प्रयागराज येथील संरक्षण लेखा कार्यालयाच्या 'स्पर्श' या संगणकीय प्रणालीतून ते थेट खात्यात जमा होते. निवृत्तिवेतनाचा आदेश, मासिक हिशेब आणि वैयक्तिक नोंदी येथे पाहता येतात. ज्यांना संगणक हाताळता येत नाही त्यांना सामायिक सेवा केंद्रांचे साहाय्य मिळते.

वर्षातून एकदा हयातीचा दाखला देणे बंधनकारक आहे. नोव्हेंबर हा त्याचा नेहमीचा महिना. ८० वर्षांवरील निवृत्तिवेतनधारकांना तो ऑक्टोबरपासून देता येतो. दाखला वेळेत नोंदला गेला नाही तर निवृत्तिवेतन थांबते. बोटांचे ठसे पुसट झालेल्या वृद्धांसाठी चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय उपलब्ध आहे.

दाद कोठे मागावी?

निर्णय मान्य नसल्यास प्रथम संबंधित अभिलेख कार्यालयाकडे अपील करावे लागते. अपंगत्वाच्या दाव्यांसाठी दोन टप्प्यांची अपील व्यवस्था आहे. त्यानंतर सशस्त्र सेना न्यायाधिकरणाकडे जाता येते. २००७ च्या कायद्यानुसार स्थापन झालेल्या या न्यायाधिकरणाचे काम ऑगस्ट २००९ मध्ये सुरू झाले. प्रमुख पीठ दिल्लीत असून महाराष्ट्र, गुजरात आणि गोव्यातील प्रकरणे मुंबई पीठाकडे येतात. अंतिम आदेशानंतर सर्वसाधारणपणे सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. न्यायाधिकरणाच्या निर्णयाविरुद्ध उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे दिल्लीपर्यंत जाण्याचा खर्च न झेपणाऱ्यांना आपल्या राज्यातच दाद मागणे शक्य झाले. माहितीच्या अधिकाराखाली वैद्यकीय मंडळाच्या कार्यवाहीची प्रतही मागवता येते आणि बहुतेक दाव्यांचा पाया तोच कागद असतो.

पुढील काळातील प्रश्न

जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेने सैनिकांचा एक नवा वर्ग निर्माण केला. चार वर्षांच्या सेवेनंतर बाहेर पडणाऱ्या अग्निवीराला सुमारे ११.७१ लाख रुपयांचा सेवानिधी मिळतो. मात्र योजनेच्या अटींनुसार निवृत्तिवेतन, अंशदायी आरोग्य योजना आणि माजी सैनिकाचा दर्जा त्याला मिळत नाही. सेवेमुळे अपंगत्व आल्यास त्याच्या प्रमाणानुसार ४४ लाख, २५ लाख किंवा १५ लाख रुपये एकरकमी साहाय्याची तरतूद आहे. आयुष्यभराच्या उपचारांचा खर्च एका रकमेतून भागेल काय, हा प्रश्न त्यातून उपस्थित होतो.

दुसरीकडे, न्या. रंजना प्रकाश देसाई यांच्या अध्यक्षतेखालील आठव्या वेतन आयोगाच्या कार्यकक्षेला ऑक्टोबर २०२५ मध्ये मंजुरी मिळाली असून शिफारशींसाठी १८ महिन्यांची मुदत आहे. सेनादलांचे वेतन आणि निवृत्तिवेतन हे विषयही आयोगाच्या कक्षेत येतात.

निवृत्तिवेतन ही शासनाच्या मर्जीवर अवलंबून असलेली देणगी नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ रोजी नकारा खटल्यात सांगितले. संरक्षण मंत्रालयातील एका निवृत्त अधिकाऱ्याने तो खटला लढवला होता. हा दिवस आजही निवृत्तिवेतनधारक दिन म्हणून पाळला जातो. तत्त्व मान्य झाले तरी प्रत्यक्ष रक्कम आणि उपचार मिळणे बऱ्याच अंशी कागदपत्रांवर अवलंबून असते. डिस्चार्ज बुक, निवृत्तिवेतनाचा आदेश, वैद्यकीय मंडळाची कार्यवाही, विवाह व जन्माच्या नोंदी, आरोग्य योजनेचे स्मार्ट कार्ड आणि बँक खात्याचा तपशील एका ठिकाणी ठेवावा. त्यांतील नावे व तारखा एकमेकांशी जुळतात की नाही हे तपासावे आणि कागद कोठे ठेवले आहेत हे पत्नी व मुलांना सांगून ठेवावे. सैनिकाच्या पश्चात कार्यालयांच्या पायऱ्या झिजवण्याची वेळ बहुधा त्यांच्यावरच येते.